तिघांचे काम एकाच्या पायावर

लग्नाची वरात जाते तेव्हा बँडमधला तालाचा भाग एकदा नीट पाहावा. एकाच्या पोटावर मोठा ढोल, दुसऱ्याच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेला साइड ड्रम, तिसऱ्याच्या हातात पितळी झांजा. तीन वाद्ये, तीन माणसे. आता एखाद्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमातला ड्रम-सेट आठवा. तीच तीन वाद्ये, शिवाय आणखी तीन-चार, पण माणूस एकच आणि तोही स्टुलावर बसलेला. या दोन चित्रांमध्ये सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. संगीताचा तर तो आहेच; पण अपुरी जागा, माणसांचा पगार, सरकारी कर, दमट हवा आणि ताणलेल्या पडद्याचे भौतिकशास्त्र यांचाही आहे. शाळेच्या बँडपथकात वाजवणाऱ्या मुलांना तो सांगण्यासारखा आहे.

वरातीतला बँड आपल्याकडे आला तो इंग्रजी फौजांच्या बँडवरून. अमेरिकेतही लष्करी बँडची हीच मांडणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे वादक नाटकगृहांत आणि नाचाच्या दिवाणखान्यांत वाजवू लागले, तेव्हा दोन अडचणी आल्या. रंगमंचापुढच्या खड्ड्यात जागा थोडी, आणि मालकाची तीन तालवादकांना पगार द्यायची तयारी नाही. मग एकाच वादकाने मोठा ढोल शेजारी जमिनीवर ठेवून, साइड ड्रम खुर्चीवर तिरका टेकवून, एकाच हाताने आळीपाळीने दोन्हीकडे काठी मारायची, अशी रीत पडली. तिला ‘डबल ड्रमिंग’ म्हणत. साइड ड्रमसाठी उंची बदलता येणारा सुटसुटीत स्टँड युलिसिस लीडी याने १८९८च्या सुमारास बाजारात आणला. आज तो आपल्याला अगदी किरकोळ वस्तू वाटतो. पण त्यामुळे वाद्य माणसाच्या अंगावरून उतरून जमिनीवर आले, आणि माणूस खाली बसू शकला. बसला म्हणून त्याचे पाय मोकळे झाले.

मोकळ्या पायांना काम द्यावे हे बऱ्याच जणांना सुचले. न्यू ऑर्लिन्स शहरातला कृष्णवर्णीय वादक एडवर्ड ‘डी डी’ चँडलर याने १८९०च्या दशकात घरच्या घरी बनवलेले पायटे वापरल्याचे सांगतात. इतरांनीही लाकडाची, दोऱ्यांची, वरून लोंबणाऱ्या दांड्यांची पेडल बनवली. त्यांचा दोष एकच, ती मंद होती. दांडा लांब आणि जड, म्हणून त्याचे जडत्व मोठे. ढोलावर आपटून परत यायला त्याला वेळ लागे. तोवर रॅगटाइम नावाचे जलद, तिरप्या लयीचे संगीत लोकप्रिय झाले होते. शिकागोच्या नाटकगृहात वाजवणाऱ्या विल्यम लुडविग या जर्मन वंशाच्या वादकाचा पाय त्या लयीला पुरेना. त्याने दांडा आखूड केला, तो जमिनीलगतच्या आसावर बसवला आणि परत खेचायला स्प्रिंग लावली. तरफ आणि स्प्रिंग, एवढेच. हे पेडल विकण्यासाठी त्याने आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड याने १९०९ मध्ये शिकागोत कंपनी काढली.

या ठिकाणी थोडे थांबायला हवे. यंत्राने माणसाचे काम हलके केले असे आपण सहज म्हणून जातो. पेडलने वादकाचे काम हलके केले नाही. एका माणसाकडून दोघा-तिघांचे काम करून घेतले. उरलेल्या दोघांचे काय झाले, हे त्या काळच्या जाहिरातीत नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की पाच-सहा जणांचा छोटा बँड ज्यामुळे उभा राहू शकला ते हेच पेडल. जॅझ नावाचे संगीत अशाच छोट्या बँडांतून वाढले. ज्यांना मोठ्या वाद्यवृंदांत कोणी उभे करत नव्हते, अशा कृष्णवर्णीय वादकांच्या हातांत आणि पायांत ते वाढले. नफा-तोट्याचा हिशेब सरळ नाही.

पुढच्या वीस वर्षांत या वादकाभोवती जगभरच्या वस्तू गोळा झाल्या. ढोल आणि साइड ड्रम युरोपच्या फौजांकडून. झांजा तुर्कस्तानच्या, इस्तंबूलमधल्या झिल्जन या अर्मेनियन घराण्याचा हा धंदा सतराव्या शतकापासून चालत आलेला होता आणि त्याची एक शाखा १९२९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. टॉम-टॉम आले चिनी वस्त्यांमधून. त्यांचे चामडे खिळ्यांनी ठोकून बसवलेले असे, त्यामुळे सुरात लावायची सोय नव्हती. शिवाय मूकपटांच्या साथीसाठी शिट्ट्या, घंटा, घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या. आपल्याकडे मूकपटांना पेटी-तबल्याची साथ असे, तसाच हा प्रकार. १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट आला आणि दोन-तीन वर्षांत चित्रपटगृहांतल्या हजारो वादकांचे काम गेले. त्यांच्याबरोबर शिट्ट्या आणि करवंट्याही गेल्या. सेट आटोपशीर झाला तो असा. कोणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे.

डाव्या पायालाही याच सुमारास काम मिळाले. दोन झांजा समोरासमोर बसवून पायाने मिटायच्या, अशी युक्ती आधी घोट्याएवढ्या उंचीवर निघाली. नंतर तिची नळी लांब करून झांजा हाताच्या टप्प्यात आणल्या. हीच हाय-हॅट. १९३०च्या दशकाच्या मध्याला जीन क्रुपा या वादकाच्या आग्रहावरून स्लिंगरलँड कंपनीने दोन्ही बाजूंनी सुरात लावता येणारे टॉम-टॉम केले, आणि आजच्या सेटचा सांगाडा पुरा झाला. मुंबईला असे वादन जवळून ऐकायला मिळाले ते याच दशकात. लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे गोव्याच्या आणि पारशी वादकांनी हा सेट हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात नेला. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बर्जोर यांची नावे त्यात अग्रभागी आहेत.

मात्र मोठा ढोल अजून मोठाच होता, २६ ते २८ इंच व्यासाचा. तो लहान का झाला? एक कारण साधे आहे. १९४४ मध्ये अमेरिकन सरकारने युद्धखर्चासाठी, जिथे नाच किंवा गाणे चालते अशा हॉटेलांच्या बिलावर ३० टक्के कर बसवला. काही महिन्यांतच तो २० टक्के केला, पण तोही जबर होता. नुसते वाद्यवादन असेल आणि कोणी नाचत नसेल तर कर नाही! मालकांनी नाचाची जमीन काढून तिथे टेबले मांडली आणि पंधरा-सोळा जणांच्या बँडऐवजी चार-पाच जणांना बोलावले. लोक आता बसून ऐकू लागले. चार जणांच्या बँडमध्ये २८ इंची ढोल म्हणजे लहान खोलीत नगारा. बीबॉप या नव्या संगीताला अनेक कारणे आहेत, सगळे श्रेय करखात्याला देणे बरोबर नाही. पण ढोल २० इंचांवर आणि पुढे १८ इंचांवर आला तो याच लहान क्लबांमध्ये. १९६३ मध्ये सतरा वर्षांचा टोनी विल्यम्स माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये दाखल झाला. १८ इंची ढोल किती बोलका असू शकतो, हे त्याने त्या दशकात दाखवून दिले.

आता जरा भौतिकशास्त्र. ताणलेल्या गोल पडद्याचा मूळ सूर तीन गोष्टींवर ठरतो. व्यास दुप्पट केला तर कंपनसंख्या निम्मी होते. ताण चौपट केला तर ती दुप्पट होते. आणि पडद्याच्या दर चौरस सेंटिमीटरचे वजन चौपट केले तर ती निम्मी होते. समजा, २२ इंची ढोल सेकंदाला ६० कंपने करतो. तोच पडदा तेवढ्याच ताणाने १६ इंची ढोलावर बसवला तर कंपने २२ भागिले १६, म्हणजे १.३७५ पट, सुमारे ८२ होतील. षड्ज धरला होता तो थेट शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या मधोमध गेला! तो खाली आणायचा तर ताण मूळच्या ५३ टक्क्यांवर आणावा लागेल. पण ढिला पडदा फडफडतो, आणि काठी किंवा ठोका उसळून परत येत नाही. दुसरा मार्ग वजन वाढवण्याचा: ताण तोच ठेवून पडदा जवळजवळ १.९ पट जड करायचा. म्हणूनच लहान ढोलावर दुहेरी थराचे किंवा कडेला जादा पट्टी असलेले पडदे लावतात. (हा हिशेब आदर्श पडद्याचा आहे. प्रत्यक्षात पडद्याला चिकटून हलणाऱ्या हवेचेही वजन धरावे लागते, त्यामुळे आकडे थोडे सरकतात.)

वजन वाढवून सूर उतरवण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावतात ती त्यासाठीच. तबल्याच्या शाईचे काम याहून बारीक आहे. साध्या पडद्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटींत असतात, म्हणून ढोलाला ‘धड सूर’ नसतो. शाईच्या वजनाने हे वरचे सूर सरळ पटींत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुन्हा १९३४ मध्ये मांडले. ड्रम-सेटच्या काही पडद्यांच्या मध्यावरही काळा ठिपका असतो आणि तो पाहून मुले हमखास ‘ही शाई का?’ असे विचारतात. तशी ती नाही. तो ठिपका मुख्यतः पडदा टिकावा म्हणून असतो. वर्गात दाखवायचे असेल तर एखाद्या डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बसवा, टिचकी मारा, मग मध्यावर कणकेची गोळी चिकटवून पुन्हा मारा. उतरलेला सूर शेवटच्या बाकावरही ऐकू येतो.

पडद्याची गोष्ट निघालीच आहे तर हवेची सांगायला हवी. गणपतीच्या दिवसांत पावसाने ढोलाचे पान उतरते, हे पथकातल्या कोणालाही ठाऊक आहे. अमेरिकन वादकांची वासराची चामडीही तशीच. दमट रात्री ढिली, कोरड्या हवेत ताणून फाटायला आलेली. काही जण मोठ्या ढोलात विजेचा दिवा पेटता ठेवत. चामडे गरम राही आणि त्यावर रंगवलेले निसर्गचित्रही उजळे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिएस्टरचा मायलार नावाचा पातळ, मजबूत कागद निघाला. रसायनाच्या दृष्टीने आपल्या पाण्याच्या बाटलीचाच हा भाऊबंद. १९५६-५७ मध्ये चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी त्याचे पडदे बाजारात आणले. त्यांचा हवेशी असलेला झगडा संपला हे तर झालेच. आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. पूर्वी ओले चामडे कड्यावर गुंडाळून बसवायचे हे कसबी काम होते आणि प्रत्येक ढोल थोडा निराळा. आता धातूच्या कड्यात पक्का बसवलेला, ठरलेल्या मापाचा पडदा दुकानात मिळू लागला. एका कंपनीच्या १६ इंची ढोलावर दुसऱ्या कंपनीचा १६ इंची पडदा बसणार, ही खात्री आली. स्वस्त सेट विकत घेऊन तो आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याची सगळी शक्यता या एका गोष्टीतून आली.

स्वस्त सेट आले तेही लवकरच. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा कार्यक्रम अमेरिकेत सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. रिंगो स्टारपुढे लुडविगचा छोटा सेट होता, मोठा ढोल २० इंची आणि त्यावर कंपनीचे नाव ठळक. कारखाना रात्रंदिवस चालवूनही मागणी पुरेना. ज्या पोरांच्या खिशाला लुडविग परवडत नव्हता त्यांच्यासाठी जपानी कारखाने पुढे आले. हलक्या, स्वस्त लाकडाच्या प्लायचे सेट तऱ्हेतऱ्हेच्या नावांनी अमेरिकेत विकले गेले. जाणकारांनी त्यांना नाके मुरडली. पण त्या प्लायवर चांगले पडदे लावून अनेकांनी आपले पहिले पैसे मिळवले. पडदा मुख्य, पिंप दुय्यम, हे वादकांना अनुभवाने कळते. पडद्याचे गणितही जवळपास तेच सांगते.

१९७०च्या दशकात रॉक संगीताने ढोल पुन्हा २६ इंचांवर नेला, त्याचे फार सांगण्यासारखे नाही. उलट प्रवास पुन्हा दिसला तो २०१३ मध्ये. ‘द रूट्स’ या गटाचा वादक क्वेस्टलव्ह याच्यासह लुडविगने एक सेट काढला: मोठा ढोल १६ इंची, टॉम १० आणि १४ इंची, स्नेअर १४ इंची. शहरातले लहान घर, लहान क्लब आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरचा कार्यक्रम डोळ्यांपुढे ठेवून केलेला. २२ इंच व्यासाचा, १६ इंच खोल ढोल आणि १६ इंच व्यासाचा, १४ इंच खोल ढोल यांचे घनफळ मुलांकडून काढून घ्या. दुसरे पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. एका फेरीत सगळे घेऊन जाता येणे आणि दोन फेऱ्यांचे भाडे भरणे, यांत रात्रीच्या कमाईचा मोठा वाटा असतो.

नवा सेट घेणेही ज्यांना जमत नाही, ते जुना १६ इंची उभा टॉम आडवा करतात. त्याचे पाय काढून बाजूला दोन टेकू लावायचे, धातूच्या कड्यांऐवजी लाकडी कडी बसवायची, आतून जड पडदा. एक अडचण मात्र येतेच. पेडलचा दांडा अजूनही २०-२२ इंची ढोलाचा मध्य जिथे येतो, तिथे पोचण्याएवढा लांब असतो. १६ इंची ढोलाचा मध्य जमिनीपासून आठच इंचांवर. ठोका मध्याच्या वर पडला तर मूळ सुराऐवजी वरचे वेडेवाकडे सूर जास्त उठतात आणि ‘धम्’च्या जागी ‘टप्’ येते. म्हणून ढोलाखाली तीनेक इंचांची घोडी ठेवतात. कंपनीच्या सेटबरोबर ती लोखंडाची मिळते. घरच्या सेटला फळीचा तुकडा चालतो.