‘लेबर’ : कष्ट, मजुरी आणि माणूस

घराच्या डागडुजीच्या वेळी कंत्राटदार म्हणाला, “उद्या दोन लेबर पाठवतो.” सकाळी दोन माणसे आली. इंग्रजीत ‘लेबर’ म्हणजे श्रम. ते करणारा एकटा माणूस ‘लेबरर’. आपण मात्र श्रमाचेच नाव माणसाला दिले आणि ते एक, दोन असे मोजूही लागलो. हे खटकले, म्हणून शब्दाचा माग काढला.

शब्द मूळचा लॅटिन. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. लॅटिनमध्ये त्यात मेहनत आणि हालअपेष्टा दोन्ही होत्या. पुढे फ्रेंचमध्ये त्याच्या क्रियापदाला नांगरण्याचा अर्थ चिकटला, इंग्रजीत प्रसूतिवेदनांचा. आपल्या इस्पितळांतली ‘लेबर रूम’ तिथलीच. मराठीला हा प्रवास परका नाही. संस्कृतातले ‘कष्ट’ म्हणजे पीडा. मराठीत ‘कष्ट’ म्हणजे मेहनतही.

१३४८ साली इंग्लंडमध्ये प्लेग शिरला. अतोनात माणसे मेली. उरलेले मजूर जास्त मजुरी मागू लागले. तेव्हा १३४९ची राजाज्ञा आणि १३५१चा कायदा आला. मजुरी साथीपूर्वीच्याच दराने घ्यायची. काम नाकारणाऱ्याला तुरुंग. इतिहासात हा कायदा ‘लेबरर’ लोकांचा कायदा म्हणूनच ओळखला जातो. १३८१च्या शेतकरी उठावामागे जी कारणे होती, त्यांत या जाचाचीही गणना होते. पुढे १९०६ साली ब्रिटनमधल्या कामगारांच्या पक्षाने ‘लेबर पार्टी’ हे नाव घेतले. ज्या शब्दाने माणसांना बांधले होते, तोच आता त्यांच्या झेंड्यावर आला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘इंडिपेंडंट लेबर पार्टी’ काढली. मराठीत ती ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ झाली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे ‘लेबर’ खाते होते. मराठीत त्यांना मजूरमंत्री म्हटले जाते. हा ‘मजूर’ शब्द फारसीतून आलेला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘मुज्द’ या शब्दाचा अर्थ मोबदला. म्हणजे मजूर हा नुसता राबणारा नव्हे. राबण्याचा मोबदला ज्याला मिळायला हवा, तो. १३५१च्या कायद्याने नेमका हाच हक्क आवळला होता.

‘लेबर’च्या पोटात कष्ट आहेत, मोबदला नाही. मोबदल्याची आठवण ठेवणारा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला असताना आपण तो सोडत चाललो आहोत. संध्याकाळी त्या दोघांचा हिशेब करताना मी आधी त्यांची नावे विचारली.