बिनपगारी घाम

बिनपगारी काम म्हटले की आम्हा युनियनवाल्यांच्या कपाळाला आठी पडते. परंतु वेल्समधील टॅलिलिन रेल्वेची हकीकत ऐका. १८६५ पासून पाटीचा दगड वाहणारी ही चिमुकली लाइन. १९४६ साली खाणीत दरड कोसळून काम थांबले. मालकाने पदरमोड करून गाडी चालू ठेवली. १९५० साली तोही वारला. धावू शकणारे इंजिन उरले एकच, १८६६ सालचे ‘डॉल्गॉख’. १९५१ साली स्वयंसेवकांनी लाइन हाती घेतली. असे जगात प्रथमच घडले. शेजारच्या बंद कॉरिस लाइनची दोन इंजिने त्यांनी प्रत्येकी २५ पौंडांना घेतली व पुन्हा रुळांवर आणली. यात कोणाची भाकरी गेली? ती खाणीबरोबर आधीच गेली होती. हातातला हुन्नर तेवढा जाण्याच्या वाटेवर होता. बॉयलर राखणे पुस्तकातून येत नाही, जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच येते. नफ्यासाठी राबवणाऱ्याकडे आम्ही मजुरी मागूच; हुन्नर राखण्यासाठी गाळलेल्या घामाला मात्र आमचा नमस्कार आहे.