"पैसे पडले का गं?" : मस्टरपासून मेसेजपर्यंतची पन्नास वर्षं

मंडळी, बाजाराच्या दिवशी चकलांब्यात बँकेच्या दारात दहा मिनिटं उभं राहून बघा. एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येईल, "पैसे पडले का गं?" कुणी निराधारच्या पैशाची वाट बघतंय, कुणी लाडक्या बहिणीच्या, कुणी पीएम किसानच्या, तर कुणी राशनच्या धान्याऐवजी येणाऱ्या पैशाची. 'मिळाले का' असं कुणी विचारत नाही, 'पडले का' असंच विचारतात. आपल्याकडं पाऊस पडतो तसे पैसेही पडतात. कधी पडतील, हे कुणालाच ठाऊक नसतं.

टपरीवर या विषयावर दोन पार्ट्या ठरलेल्या. एक म्हणते, "सरकारनं लोकांना फुकटची सवय लावली." दुसरी म्हणते, "गरिबाच्या घरात चार पैसे आले तर तुमच्या पोटात का दुखतं?" दोन्ही बाजू ऐकून ऐकून कान किटले. म्हणून आज जरा मागं जाऊन, हा पैसा आपल्या दारापर्यंत कसा आला ते बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो. रोख पैसा गरिबाच्या कामी येतो, नक्की येतो. पण किती कामी येतो हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. तो कुणाच्या हातात येतो, वेळेवर येतो का आणि महागाईबरोबर वाढतो का, या तीन गोष्टींवर ठरतं.

बहात्तरचा दुष्काळ

आपल्या आजोबा-आज्जीला विचारा, बहात्तर म्हटलं की मिलो आणि सुकडी आठवते. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. सुकडी कामावर वाटायचे. पण माणसं जगली ती नुसत्या वाटपावर नाही. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं अशी कामं सरकारनं काढली आणि मजुरी रोख दिली. मे 1973 मध्ये राज्यभर जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती.

या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. राशनचं धान्य सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य न्यायलाही तेव्हा बंधनं होती. तरी मजुरांच्या खिशात पैसा आला म्हणून धान्य बाहेरून आपल्या मुलखाकडं वळलं. गिऱ्हाईक असलं की व्यापारी माल आणतोच. बहात्तरनं शिकवलेला हा पहिला धडा: रिकाम्या खिशापर्यंत धान्य पोचत नाही.

त्याआधी 1965 मध्ये वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला होता. तोच पुढं राज्याचा कायदा झाला. 1977 मध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, असा तो कायदा. त्यासाठी पैसा कुठून आणला? 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. नोकरदाराच्या पगारातून आजही वर्षाला 2,500 रुपयांपर्यंत कापला जातो, तोच हा कर. म्हणजे शहरातल्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या मजुराच्या हातात द्यायची सोय आपल्या राज्यानं पन्नास वर्षांपूर्वीच केली होती. 'थेट लाभ हस्तांतरण' हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

रोहयोवर बायका मोठ्या संख्येनं आल्या. स्वतःच्या नावावर हजेरी आणि स्वतःच्या हातात मजुरी, हे अनेकींच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं. खोटं काय सांगायचं, मस्टरवर बोगस नावंही चढली आणि मजुरीही थकली. पण हातात आलेल्या पैशाची चव बाईला कळली ती तिथं.

जिला काम जमत नाही तिचं काय?

रोहयोला अंगात ताकद लागते. म्हातारं माणूस, विधवा, अपंग यांचं काय? त्यांच्यासाठी राज्यात 1980 मध्ये संजय गांधी निराधार योजना आली, पुढं श्रावणबाळ आली. केंद्रानं 15 ऑगस्ट 1995 पासून म्हाताऱ्यांना महिना 75 रुपये द्यायला सुरुवात केली. कुठं मनीऑर्डर यायची, कुठं पोस्टाच्या नाहीतर बँकेच्या खात्यावर रक्कम जमा व्हायची.

आता गंमत बघा. 2006 मध्ये केंद्रानं 75 चे 200 केले. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा आजही 200 रुपयेच आहे. जवळपास दोन दशकांत गोडंतेलाचा भाव, एसटीचं भाडं, गोळ्यांचं पाकीट सगळं कितीतरी वाढलं, हे 200 जागचे हलले नाहीत. वरची भर राज्यानं टाकली. 2019 मध्ये निराधारचे महिना 1,000 झाले, 2023 मध्ये 1,500 झाले. म्हणून म्हणतो, रोख रक्कम कागदावर तेवढीच राहते, पण दरसाल आतून झिजत जाते. धान्याचं पाच किलो पाच किलोच राहतं.

आपल्या जिल्ह्याची स्वतःची रोकड : उचल

सरकारी पैशाआधी बीड जिल्ह्याच्या गरीब घरात मोठी रोकड एकाच दारानं यायची. ते दार म्हणजे मुकादम आणि ती रोकड म्हणजे उचल. दसरा-दिवाळीच्या मागं-पुढं नवरा-बायकोचा एक कोयता ठरतो, उचल मिळते आणि बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या कारखान्यावर जातं. उचल एकरकमी येते, बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात येते आणि जुनी देणी, लग्न, दवाखाना यात लागलीच संपते. मग ती फेडायला पाच-सहा महिने बाईनंही मोळ्या वाहायच्या. दुखलं-खुपलं तरी खाडा करायचा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, तो या चक्रातूनच आला होता.

उचल आणि अनुदान, दोन्ही रोखच. पण उचल हे कर्ज आहे आणि ते फेडायचं असतं अंगमेहनतीनं. अनुदान लहान आहे, पण फेडायचं नाही. बाईच्या खात्यावर महिन्याला दीड हजार आले तर उचल बंद होत नाही, हे खरं. पण लेकराच्या तापापायी मुकादमाकडं किंवा सावकाराकडं हात पसरायची एखादी वेळ तरी टळते. गरिबाच्या घरात ही लहान गोष्ट नाही.

खातं, अंगठा आणि ओटीपी

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. 1 जानेवारी 2013 पासून केंद्रानं थेट खात्यावर पैसे टाकायला सुरुवात केली. 2014 मध्ये जनधन खाती आली. 2019 मध्ये पीएम किसानचे वर्षाला 6,000 सुरू झाले. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल ते जून 2020, जनधन खाते असलेल्या बायकांना महिना 500 रुपये मिळाले. त्या तीन महिन्यांत सगळी कामं बंद होती, म्हणून ते 500 अजून लोकांच्या लक्षात आहेत.

या वाटेत मधला माणूस कमी झाला, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याच्या जागी मशीन आली. ऊस तोडून आणि निंदून-खुरपून बोटं घासलेल्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही. मोबाईल नवऱ्याकडं, त्यामुळं ओटीपी त्याच्याकडं. आधी तलाठ्याला विचारता यायचं, "भाऊ, माझं काय झालं?" आता विचारायचं कुणाला? सर्व्हरला?

राशनची पिशवी गेली, पैसे आले

आपल्याला सगळ्यात जवळून भिडलेला बदल हा. 2015 मध्ये शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना स्वस्त धान्य सुरू झालं. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते, म्हणजे बीडही आलं. माणशी महिना 5 किलो: 4 किलो गहू 2 रुपयांनी, 1 किलो तांदूळ 3 रुपयांनी. एकूण 11 रुपयांत पाच किलो. 2022 मध्ये केंद्राकडून या योजनेला धान्य मिळणं थांबलं. मग राज्यानं ठरवलं की जानेवारी 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर टाकायचे. 2024 मध्ये त्याचे 170 केले.

हिशेब मांडा. पाच माणसांच्या घराला आधी 55 रुपयांत 25 किलो धान्य यायचं. आता 850 रुपये येतात. दुकानात गहू तिशीच्या पुढं गेला की तेवढ्याच धान्याला ही रक्कम अपुरी पडायला लागते. आणि पैसे दोन-चार महिने तुंबले तर? पोट काही मागच्या महिन्याचा फरक पुढच्या महिन्यात खात नाही. दुसरी बाजूही सांगतो. एका मावशीनं मला ऐकवलं, "पैसे बरे बाप्पा. गहू घरचाच असतो, तेल-मीठ कोण देतंय?" तिचंही खरं आहे. ज्याच्या घरी थोडं पिकतं त्याला पैसा सोयीचा, ज्याचं सगळं विकतचं त्याला पिशवी सोयीची. निवड घराला विचारून झाली असती तर बरं झालं असतं.

पैसे उडवतात का लोक?

टपरीवरचा आवडता प्रश्न. त्याला उत्तर आहे. 2011-12 मध्ये इंदूरजवळच्या गावांत सेवा संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं प्रयोग केला. कसलीही अट न घालता मोठ्या माणसाला महिना 200 आणि लेकराला 100 रुपये दिले, पुढं ते 300 आणि 150 केले. घरांनी अन्न, बियाणं, औषध, शाळा यावर खर्च केला, कर्ज कमी केलं. दारूवर खर्च वाढल्याचं दिसलं नाही. त्याआधी मेक्सिकोनं 1997 मध्ये आणि ब्राझीलनं 2003 मध्ये गरीब घरांना रोख मदत सुरू केली, आणि पैसा मुख्यतः आईच्या हातात दिला.

आपल्याकडं जुलै 2024 पासून लाडकी बहीण आली. 21 ते 65 वयाच्या दोन कोटींहून जास्त बायकांना महिना 1,500. निवडणुकीच्या तोंडावर आली, त्यामागं राजकारण होतं, कोण नाही म्हणतो? पण शेळीचं पाट घेणारी, शिलाई मशीनचा हप्ता भरणारी, पोरीला एसटीचा पास काढून देणारी बाई मी याच गावात बघितली आहे. पहिल्या हप्त्यातून बँकेनं जुने चार्ज कापले म्हणून दारात रडणारीही बघितली आहे.

आता घोडं कुठं अडलंय

सप्टेंबर 2025 मध्ये या योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली. त्याच महिन्यात आपला जिल्हा अतिवृष्टीत आणि पुरात बुडालेला. 1 नोव्हेंबरपासून गाळप हंगाम, म्हणजे टोळ्या निघालेल्या. मुदत 18 नोव्हेंबरची होती, ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. वर नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचा ओटीपी हवा. विधवेनं, टाकलेल्या बाईनं तो कुठून आणायचा? त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. निराधारवाल्या म्हाताऱ्यांचा हयातीचा दाखला दरवर्षीचाच. पात्र नसलेली नावं काढा, जरूर काढा. पण कोपीत राहून ऊस तोडणारी बाई 'कागद दिला नाही' म्हणून यादीतून जाते तेव्हा त्याला छाननी म्हणत नाहीत.

म्हणून गावपातळीवर चार गोष्टी मागू. केवायसी आणि हयातीच्या दाखल्याचं शिबिर टोळ्या निघायच्या आधी गावात व्हावं. ज्यांचे पैसे थांबले त्यांची नावं कारणासकट ग्रामसभेत वाचावीत. अनुदानाच्या पैशातून बँकेनं कर्ज किंवा चार्ज कापू नयेत. आणि पैसे पडायची तारीख ठरलेली असावी, पगारासारखी. रक्कम महागाईबरोबर वाढावी ही मागणी मोठी आहे, ती आमदार-खासदारांच्या कानावर आपणच घालायची.

एक विसरू नका. खात्यावर दीड हजार आले म्हणून दवाखान्यात डॉक्टर येत नाही, नळाला पाणी येत नाही. ती कामं सरकारची आहेत आणि पैसे टाकले म्हणून ती माफ होत नाहीत.

तुमच्या घरात, गल्लीत कुणाचे पैसे थांबले असतील तर किती महिन्यांपासून आणि काय कारण सांगितलं, ते खाली लिहा. आधार, खाते नंबर लिहू नका. सगळं एकत्र करून पुढच्या ग्रामसभेत मांडू.