उष्णतेचा ताण व नर पशूंची प्रजननक्षमता : नांदेड आणि लातूर

शरीरात तयार होणारी आणि उन्हातून मिळणारी उष्णता जनावराला बाहेर टाकता येईनाशी झाली, की त्याला उष्णतेचा ताण येतो. दुभत्या जनावराचे दूध आटते आणि म्हशीचा माज मुका राहतो, हे परिणाम गोठ्यात लगेच कळतात. वळू, रेडा, बोकड, मेंढा यांच्या वीर्यावर होणारा परिणाम मात्र कित्येक दिवसांनी उघड होतो. त्यामुळे त्याचा दोष बहुधा मादीच्या माथी मारला जातो.

मे महिन्यात नांदेडचा पारा 42–43 अंश सेल्सिअसवर जाणे नेहमीचे आहे. बालाघाटच्या पठारावरील लातूर त्या मानाने थोडे कमी तापते. या पट्ट्याने देशाला नावाजलेल्या जाती दिल्या आहेत. कंधार तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी लाल कंधारी, लातूर जिल्ह्यातील देवणी (वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तिचे तीन प्रकार) आणि काळी, जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी या त्यांतल्या प्रमुख. शेळीच्या नावात उस्मानाबाद असले, तरी लातूर आणि उदगीर हा तिचा जुना मुलूख आहे. 16 ऑगस्ट 1982 पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता.

वळूच्या शरीराचे तापमान सुमारे 38.5 अंश असते. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषण त्याहून 2 ते 6 अंशांनी थंड राहावे लागतात. वृषणाकडे जाणारी रोहिणी नागमोडी वळणे घेते आणि तिच्याभोवती नीलांचे जाळे असते. खालून परतणारे थंड रक्त वरून येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता काढून घेते. वृषणकोशाच्या कातडीतील घामाच्या ग्रंथी आणि तिच्याखालचा स्नायूचा पातळ थर यांचीही त्यात मदत होते. पौष महिन्यात पहाटे पाहिले तर ही पिशवी आखडून, सुरकुत्या पडून अंगाला चिकटलेली दिसते. वैशाखातल्या दुपारी तीच सैल, गुळगुळीत होऊन खाली लोंबते. हवा अंगाहून गरम झाली, की ही सारी व्यवस्था तोकडी पडते.

वृषण तापला, की त्यातील पेशींची प्राणवायूची गरज वाढते, पण रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. शुक्राणू घडवणाऱ्या पेशी त्यात मरतात किंवा अर्धवट घडतात. चांगल्या वीर्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात दाट लाटा उसळताना दिसतात. उन्हाने मार खाल्लेल्या वीर्यात त्या मंदावतात. शेपटी वळलेले, डोके तुटलेले, जागच्या जागी थरथरणारे शुक्राणू वाढतात. वळू मात्र बाहेरून धडधाकट असतो. गाय दिसताच उडी घेतो, म्हणून मालकाला शंका येत नाही.

या विषयातली कळीची बाब म्हणजे लागणारा वेळ. वळूत एक शुक्राणू घडायला सुमारे 61 दिवस लागतात आणि पुढे अधिवृषणातून पार व्हायला आणखी आठ-दहा दिवस. बोकड आणि मेंढ्यात घडणीचा काळ सुमारे 7 आठवड्यांचा असतो. म्हणून मे महिन्यातल्या लाटेचा फटका दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतो आणि वीर्य पूर्ववत व्हायला पुढे दोन महिने जातात. मृग बरसतो, हिरवा चारा येतो, गाई-शेळ्या माजावर येतात, हवा गार झालेली असते. नेमके तेव्हाच नराचे वीर्य सर्वांत कमजोर असते. गाय दोनदा-तीनदा उलटते आणि तिला बाजार दाखवला जातो. नराची तपासणी न करता असा निर्णय घेणे हा गाईवर अन्याय आहे आणि शेतकऱ्याचे थेट नुकसानही. गावातील बहुतेक गोऱ्हे बैल करण्यासाठी खच्ची केले जातात. उरलेल्या एका वळूवर कित्येक आखाड्यांवरच्या गाई अवलंबून असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या नुकसानीचा आवाका कळतो.

देशी वळू ऊन जास्त सोसतो. आखूड चकचकीत केस, सैल कातडी, घामाच्या मोठ्या ग्रंथी आणि वृषणाकडील रक्तवाहिन्यांची सोयीची रचना यामुळे लाल कंधारी आणि देवणी संकरित जर्सी किंवा होल्स्टिनपेक्षा सरस ठरतात. रेड्याची अवस्था बिकट असते. त्याची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी थोड्या, म्हणून त्याला पाण्यात डुंबावेच लागते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी रेड्याच्या वाट्याला डबकेही येत नाही. दुष्काळात नुसत्या वाळलेल्या कडब्यावर राहिलेल्या नराला अ जीवनसत्त्वही कमी पडते आणि शुक्राणूंची निर्मिती आणखी घटते.

उपाय साधे आहेत. तापलेल्या पत्र्यापेक्षा दाट झाडाची सावली बरी. पत्रा असेलच तर तो उंच ठेवून त्यावर पाचट टाकावे. दिवसभर गार पाणी हवे. चारा पहाटे आणि रात्री टाकावा, थोडा तरी हिरवा असावा. दुपारी अंगावर पाणी मारावे आणि वारा खेळता ठेवावा. गाय पहाटे किंवा सांजेला भरवावी. कृत्रिम रेतनाचा इथे मोठा आधार आहे. चांगल्या हंगामात घेतलेले वीर्य द्रवरूप नत्रात उणे 196 अंशांवर वर्षानुवर्षे टिकते. 0.25 मिलिलिटरच्या एका कांडीत सुमारे 2 कोटी शुक्राणू असतात आणि वितळवल्यावर त्यांतले निम्मे तरी पुढे धावणारे असावेत, असा दंडक आहे.

लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा हिवाळ्यात भरते. तिथे रंग, वशिंड आणि चाल पाहून घेतलेल्या वळूचे वीर्य त्या वेळी उत्तमच असते. त्यावरून जुलैचा अंदाज बांधू नये. पावसाळ्यात त्याला गाई दाखवण्याआधी पशुवैद्यकाकडून त्याचे वीर्य तपासून घ्यावे. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन-तीनदा उलटलेली गाय विकायला काढण्यापूर्वी पशुपालकांनी वळूची तपासणी करून घ्यावी.