शोएबुल्ला खान हत्या आणि हैदराबादचा जैसे थे करार

शोएबुल्ला खान हे हैदराबाद संस्थानातील 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक होते आणि २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री रझाकारांनी हैदराबाद शहरात त्यांच्यावर केलेल्या हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. भारत सरकार आणि निजाम मीर उस्मान अली खान यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झालेल्या जैसे थे कराराची एक वर्षाची मुदत त्या वेळी संपलेली नव्हती; मात्र वाटाघाटी थांबल्या होत्या आणि सरहद्दीवर दोन्ही बाजूंनी शस्त्रे चालत होती. या हत्येने करार मोडला असे म्हणण्याचा प्रघात असला तरी तो काटेकोर नाही, कारण करार त्याआधीच खिळखिळा झाला होता. हत्येने नाहीशी केली ती संस्थानातील मुस्लिम समाजातूनच तडजोडीची बाजू उघडपणे मांडली जाण्याची शक्यता.

ब्रिटिश अंमलात संस्थान आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण यांसारख्या सामाईक बाबतींत जी व्यवस्था होती ती, विलीनीकरणाचा प्रश्न बाजूला ठेवून, वर्षभर तशीच चालू ठेवावयाची, असा या कराराचा आशय होता. दोन्ही सरकारांनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमावेत आणि वाद उपस्थित झाल्यास तो लवादाकडे सोपवावा, अशी तरतूद त्यात होती, आणि त्यानुसार भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुनशी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादेत दाखल झाले. संस्थानातील अंतर्गत सुव्यवस्थेसाठी भारताने सैन्य पाठवावे, असे कोणतेही बंधन वा अधिकार या करारातून निर्माण होत नव्हता. कराराचे खरे वैगुण्य येथेच होते: सह्या दोन सरकारांच्या होत्या, तर हिंसेची साधने ज्यांच्या हाती होती त्यांपैकी कोणीही या कराराचा पक्षकार नव्हता. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे रझाकार, म्हणजे तिचे निमलष्करी स्वयंसेवक, निजामाच्या मंत्रिमंडळालाही जुमानीनासे झाले होते. कराराची बोलणी करण्यासाठी दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाला २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने घरांना वेढा घालून अडविले होते, आणि पंतप्रधान छतारीच्या नवाबांना त्यानंतर पदावरून दूर व्हावे लागले. हा करार कोणत्या वातावरणात जन्मला हे त्यावरून कळते.

करारावरील शाई वाळते न वाळते तोच ४ डिसेंबर १९४७ रोजी आर्य समाजाचे तरुण कार्यकर्ते नारायणराव पवार यांनी किंग कोठी राजवाड्याजवळ निजामाच्या मोटारीवर बाँब टाकला. निजाम बचावला. हा प्रयत्न साधला असता तर करारावर सही करणारी एक व्यक्तीच नाहीशी झाली असती आणि सत्ता रझवींच्या हाती जाण्यास आडकाठी उरली नसती, हे त्या काळच्या उत्साहात फारसे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या गौरवग्रंथांत या घटनेकडे शौर्याच्या अंगाने पाहिले जाते. कराराच्या अंगाने पाहिल्यास तिचे वजन वेगळे भरते.

संस्थानातील औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी भाषकांचे होते. औरंगाबाद–अहमदनगर रस्त्याने कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की निजामाची हद्द संपून मुंबई इलाख्याचा नगर जिल्हा लागत असे. अशा सरहद्दीपलीकडच्या मुलखात, निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कँप उभे राहिले. मनमाड आणि सोलापूर ही त्यांची ठळक ठिकाणे होत. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची करारानंतर झालेली सुटका दोन महिनेही टिकली नाही, कारण २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा अटक झाली. त्यानंतर चार दिवसांनी, ज्या दिवशी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक सशस्त्र कार्यकर्त्यांनी लुटली. मे महिन्यात गुलबर्गा जिल्ह्यातील गाणगापूर स्थानकावर रेल्वे प्रवाशांवर हल्ला झाला. निजाम सरकारने पाकिस्तानला देऊ केलेले वीस कोटी रुपयांचे कर्ज आणि भारतीय चलनावर घातलेले निर्बंध यांना भारताने करारभंग ठरविले, तर भारताने केलेल्या आर्थिक कोंडीला निजामाने. लवादाची तरतूद कागदावरच राहिली. जूनमध्ये गव्हर्नर जनरल माउंटबॅटन यांच्या मध्यस्थीने तयार झालेला अखेरचा मसुदाही निजामाने नाकारला आणि माउंटबॅटन मायदेशी परतले.

या कोंडीत 'इमरोज'ची भूमिका निराळी ठरली. १९४७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेले हे दैनिक भारतात विलीन होण्याचा आणि जबाबदार राज्यपद्धतीचा पुरस्कार करीत असे, आणि त्याचा संपादक मुसलमान असल्यामुळे हा सारा हिंदूंचा कट आहे असे सांगणे इत्तेहादला अवघड जात होते. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम प्रतिष्ठितांनी पत्रक काढून रझाकारांचा बंदोबस्त करण्याची आणि भारताशी समझोता करण्याची मागणी केली. मराठवाड्यात तहसीलदार असताना रझाकारांच्या अत्याचारांना विटून राजीनामा दिलेले फरीद मिर्झा त्यांपैकी एक होते. 'इमरोज'ने या पत्रकाची बाजू उचलून धरली. संस्थानाविरुद्ध लिहिणारे हात तोडले जातील, अशी भाषा त्या दिवसांत रझवी जाहीर सभांतून करीत होते. कचेरीचे काम आटोपून खान रात्री काचीगुडा भागातील घराकडे मेहुण्यासह पायी जात असता हल्लेखोरांनी त्यांना गोळ्या घातल्या आणि त्यांचा हात तोडला. सोडवावयास गेलेल्या मेहुण्याचाही हात तुटला. खान यांचे २२ तारखेच्या पहाटे निधन झाले. त्या वेळी ते अवघे २७ वर्षांचे होते.

योगायोग असा की, भारत आपणांस धमकावीत असल्याची तक्रार निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे केली तीही २१ ऑगस्टलाच. राजधानीत भर वस्तीत संपादकाचा खून होतो आणि सरकार हतबल राहते, या वस्तुस्थितीने त्या तक्रारीतील स्वतंत्र, सुव्यवस्थित राज्याचा दावा पोकळ ठरविला, आणि संस्थानचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळाशी बोलून उपयोग नाही या दिल्लीतील मतास बळ मिळाले. लष्करी कारवाईची तयारी मात्र त्याआधीपासूनच चालू होती. तिचे एकमेव कारण म्हणून या हत्येकडे बोट दाखविता येत नाही. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, औरंगाबाद पहिल्या काही दिवसांतच ताब्यात आले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

जी मध्यममार्गी फळी ऑगस्टात दहशतीने गप्प बसविली गेली तिची उणीव त्यानंतरच्या आठवड्यांत जाणवली, कारण रझाकारांच्या कृत्यांचा सूड सामान्य मुसलमानांवर उगविला गेला. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक झळ पोहोचलेले जिल्हे ठरविले. औरंगाबाद त्यांच्या खालोखाल होते. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. फाशीची शिक्षा झालेले नारायणराव पवार १९४९ मध्ये सुटले. कासिम रझवी यांना बीबीनगर दरोड्याच्या खटल्यात सात वर्षांची शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटका झाल्यावर ते पाकिस्तानात निघून गेले.