कर्ण कुणाच्या मालकीचा?

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं वरवट बकाल हे काही छापखान्यांचं गाव नव्हे. पण वऱ्हाडातल्या अशा गावांत कृष्ण आणि पांडव माणसांना प्रथम भेटत आले ते पोथीतून नाहीतर कीर्तनातून, आणि ते थेट व्यासांचे नव्हते. श्रीधर स्वामी नाझरेकरांचं ‘हरिविजय’ १७०२चं. ६४ अध्यायांचा ‘पांडवप्रताप’ त्यानंतर दहा वर्षांनी आला.

दुसऱ्याची पात्रं उचलून आपल्या मनाजोगती गोष्ट रचणं, याला हल्ली फॅन फिक्शन म्हणतात. भक्तिग्रंथाला ही पाटी लावलेली कुणाला खटकेलही. पण रचण्याची ओढ तीच. श्रीधरांनी ती भक्तीपोटी भागवली, छापखान्यांनी पुढे तिचा धंदा केला. पोथी पिढ्यान्‌पिढ्या खपत राहिली आणि मूळ मालकाला पैसे देण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण मालक नव्हताच.

कादंबरी आली तेव्हा मालक होता, पण लंडनला. हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीच्या धर्तीवर उभी राहिली. ही रीत पुढेही टिकली. नारायण धारपांच्या ‘शपथ’मागे स्टीफन किंग आहे, हे त्यांच्या वाचकांना चांगलं ठाऊक असतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नाही.

खरा पैसा मात्र महाभारतातच निघाला. १९६७मध्ये पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ काढली. सावंतांनी कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांनाही स्वतःची बाजू मांडायला लावली. कडेच्या पात्राला मध्यभागी आणून बोलतं करायचं, हा आजच्या फॅन फिक्शनचाही आवडता डाव. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. त्यात हीच माणसं भक्ती बाजूला ठेवून तपासली होती. साहित्य अकादमीचा पुरस्कार ‘युगान्त’ला मिळाला, पण घराघरांत पोचला तो सावंतांचा कर्ण. पुढे रणजित देसाईंचा ‘राधेय’ही आला. योगायोग असा की, राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही १९६७चाच. अनुदानावर गावोगावी ग्रंथालयं उभी राहिली, प्रकाशकांना हमखास गिऱ्हाईक मिळालं आणि पुस्तकाच्या दुकानापासून लांब असलेल्या वाचकालाही जाडजूड कादंबरी घरी नेता येऊ लागली.

दुसऱ्याच्या पात्रांवर कथा रचून विकण्याचा हा व्यवहार अमेरिकेत ॲमेझॉनने करारपत्रावर करून पाहिला. २०१३मध्ये ‘किंडल वर्ल्ड्‌स’ सुरू झालं: ‘व्हॅम्पायर डायरीज’सारख्या मालिकांच्या मालकांकडून परवाना घ्यायचा, चाहत्यांच्या कथा विकायच्या आणि दहा हजार शब्दांपुढच्या कथेला निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्के द्यायचे. बदल्यात लेखकाने कथेचे हक्क सोडायचे. २०१८मध्ये दुकान बंद झालं. त्याआधीच ई. एल. जेम्सने ‘ट्वायलाइट’वरच्या आपल्या फॅन फिक्शनमधली नावं बदलून ‘फिफ्टी शेड्स’ विकली आणि अमाप कमावलं. परवाना काढण्यापेक्षा नाव बदलणं किफायतशीर ठरलं. आपल्या रूपांतरकारांना ही युक्ती शंभर वर्षांपूर्वीच साधली होती.

मराठीत मालक असलेल्या पात्राचं काय होतं, हे फुरसुंगीच्या बनेश फेणेकडे पाहून कळतं. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’वर २०१७मध्ये चित्रपट निघाला. त्यात फेणे तरुण झाला आणि दिलीप प्रभावळकरांनी चक्क भा. रा. भागवत नावाचं पात्र रंगवलं. लेखकालाच गोष्टीत ओढण्याचा हा उद्योग अस्सल चाहत्याचा. पण तो निर्मात्याच्या भांडवलावर झाला. एखाद्या साध्या वाचकाने फेणेची नवी साहसकथा लिहून छापायला दिली, तर प्रकाशक आधी हक्कांबद्दल विचारील. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६मध्ये ‘दबंग’मधल्या चुलबुल पांडेच्या खटल्यात वेगळेपण असलेल्या पात्रालाही कॉपीराइटचं संरक्षण मिळू शकतं, असं मत नोंदवलं आहे. भागवत २००१मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, या हिशेबाने त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०६१ अखेरपर्यंत चालतील.