सासरी गेलेली बाहुली

खेळणे हरवायचे, तर ते आधी हरवण्याजोगे असावे लागते. एक असावे, विकतचे असावे, आणि गेले तर तसेच दुसरे लगेच करता येऊ नये. सोलापुरात अशी खेळणी मुलांच्या हाती सरसकट आली ती रेल्वे आणि गिरण्यांच्या नंतर. त्याआधीच्या खेळण्यांना बहुधा ठरलेला शेवट असे, आणि ज्याचा शेवट ठरलेला आहे त्याच्या पुढच्या प्रवासाची कल्पना कोणी फारशी लढवत नाही.

मातीचे बैल हे त्याचे ठळक उदाहरण. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या कन्नड बोलल्या जाणाऱ्या पट्ट्यात ज्येष्ठ अमावास्येला मातीच्या बैलजोडीची पूजा होते. ओल्या मातीचे बैल करायचे, देव्हाऱ्यासमोर मांडायचे आणि नंतर पाण्यात सोडायचे. चिखलातून आले, चिखलात गेले. पुढच्या वर्षी त्याच मातीची नवी जोडी होते. मुलाला बैल गेल्याचे वाईट वाटत नसेल असे नाही, पण ते कुठे गेले हे त्याला पक्के ठाऊक असते.

चिंधीच्या बाहुलीचेही तसेच. सोलापूर हे मागांचे गाव, त्यामुळे इथे चिंध्यांना तोटा नव्हता. कापडाचा बोळा करायचा, दोऱ्याने गळा आवळायचा, काजळाने डोळे आणि कुंकवाने ओठ काढायचे, लुगड्याच्या काठाचा तुकडा गुंडाळला की बाहुली नटली. तेलंगणातून येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली घरांत तिला बोम्म म्हणत, कन्नड घरांत गोंबे. बांधायची रीत सगळीकडे जवळपास एकच. अशी बाहुली फाटली की तिच्याच चिंध्यांतून दुसरी निघे. ती हरवण्यापेक्षा विरून जाई.

मात्र एका प्रसंगी ही बाहुली खरोखर घराबाहेर पडे. बाहुला-बाहुलीच्या लग्नात एक मुलगी वधूपक्षाची, दुसरी वरपक्षाची. भातुकलीतल्या बोळक्यांत जेवणावळ उठे, अंतरपाट धरला जाई, मंगलाष्टके म्हटली जात, आणि शेवटी बाहुली मैत्रिणीच्या घरी म्हणजे सासरी जाई. मग ती परत आणण्यावरून भांडणे होत, कारण तिकडची मंडळी लग्न खरे मानून बसलेली असत. खेळ पोरींचा, पण त्यातून एक गोष्ट मनात रुजत असे: घरातून गेलेली बाहुली नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे नांदते. आई, आत्या, मोठी बहीण यांच्या बाबतीत मुलीने पाहिलेले असे तेच. पाश्चात्त्य बालसाहित्यात हरवलेल्या बाहुलीला जगप्रवासाला पाठवण्याच्या पुष्कळ आधी मराठी मुलीकडे तिच्या जाण्याचा हा अर्थ तयार होता. तो आनंदाचा होता असे म्हणता येत नाही. बालविवाहाच्या काळात बाहुलीचे लग्न लावणारी मुलगी पुढे थोड्याच वर्षांत स्वतः त्याच वाटेने जाई, आणि आपल्या सासुरवाशीणपणाचा सराव ती बाहुलीवर आधीच करून घेत असे.

सोलापूरच्या सर्वांत मोठ्या उत्सवातही अशी एक सजवलेली आकृती आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा संक्रांतीला भरते. तिच्यामागची आख्यायिका अशी की, एका कुंभारकन्येला सिद्धरामांशी लग्न करायचे होते. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, आणि लग्नानंतर ती सती गेली. नंदीध्वजांच्या, म्हणजे सोलापूरकरांच्या काठ्यांच्या साक्षीने अक्षता पडतात आणि दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी-चोळी आणि सौभाग्याचे अलंकार घालून कुंभारकन्या म्हणून होमात अर्पण करतात. हे खेळणे अर्थातच नव्हे. पण वडिलांच्या खांद्यावर बसून पाहणाऱ्या मुलाला लग्न लागलेली आणि मग दिसेनाशी झालेली एक आकृती इथे दरवर्षी दिसते.

त्याच यात्रेचा बाजार म्हणजे गड्डा. सोलापूरच्या मुलांना विकतचे खेळणे मिळण्याची ही मुख्य जागा. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोचली. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. भोंग्यावर चालणाऱ्या गावात रोख पगार आला आणि रेल्वेने दूरचा माल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी आणि जपानची पत्र्याची, सेल्युलॉइडची खेळणी हिंदुस्थानच्या बाजारात येत होती. स्वातंत्र्यानंतर प्लास्टिकने त्यांची जागा घेतली. चावीची मोटार, डोळे मिटणारी बाहुली, रबरी चेंडू, पिपाणी: यांतले एकही घरी करता येत नव्हते. वर्षातून एकदा घेतलेले हे खेळणे गर्दीत हातातून निसटले, की पुढच्या संक्रांतीपर्यंत भरपाई नाही. जत्रेत चुकलेल्या मुलासाठी ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो, खेळण्यासाठी होत नाही.

खऱ्या अर्थाने हरवलेले खेळणे ते हे, आणि गोष्टी सुरू होतात त्याही इथूनच. लहान मुलाला निर्जीव वस्तूलाही मन असते असे वाटते, हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात सविस्तर मांडले. हरवलेला घोडा त्यामुळे नुसता पडून राहत नाही. तो घाबरतो, भुकेला होतो, वाट शोधतो. ही वाट मुलाच्या परिसरातून निघते. हान्स अँडरसनचा १८३८ चा एका पायाचा शिपाई डॅनिश शहरातल्या गटारातून वाहत जातो आणि माशाच्या पोटातून घरी येतो. चार्ल्स किंग्जलेच्या १८६३ च्या 'द वॉटर बेबीज'मधल्या गाण्यात बाहुली माळावर हरवते आणि पुष्कळ दिवसांनी रंग उडालेली, गाईंनी हात तुडवलेला अशी सापडते. मालकिणीला ती तरीही सर्वांत सुंदर वाटते. हीच गोष्ट मराठी गाण्याच्या रूपाने घरोघरी पोचली आणि परकी वाटली नाही, याचे एक कारण तो माळ असावा. सोलापूरच्या चारी बाजूंना माळच आहे.

सोलापूरच्या मुलाला दुसरी सोयीची वाट होती रुळांची. मुंबई-मद्रास मार्गावरच्या गावात गाडीत विसरलेले खेळणे दोन्ही दिशांना जाऊ शकते. कुर्डुवाडीला उतरले तर बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. ती १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. गाडी चुकलेल्या बाहुलीने विठ्ठलाचे दर्शन घेऊन यावे इतकी सोय या वेळापत्रकात नक्कीच होती.

या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध हकिकत १९२३ मधली, बर्लिनच्या श्टेग्लिट्झ भागातली. फ्रान्झ काफ्का तेव्हा क्षयाने खंगलेला होता. बागेत बाहुली हरवली म्हणून रडणारी मुलगी त्याला भेटली. बाहुली प्रवासाला गेली आहे, तिचे पत्र आले आहे, असे सांगून तो तिला रोज एक पत्र लिहून आणू लागला. हा क्रम सुमारे तीन आठवडे चालला. हे कळते ते त्याची सहचरी डोरा डायमंट हिच्या आठवणींतून. पत्रे कधी सापडली नाहीत. गोष्ट संपवायची कशी, हा काफ्कापुढचा पेच होता. शेवटी त्याने बाहुलीचे लग्न लावून दिले. नवरा मुलगा, साखरपुडा, लग्नाची तयारी, नवे घर, सगळे पत्रांत आले आणि आता आपली भेट होणे नाही हे बाहुलीनेच कळवले. एवढा मोठा लेखक ज्या शेवटापर्यंत तीन आठवड्यांनी आला, तो भातुकली खेळणाऱ्या मुलींना पहिल्यापासून माहीत होता.

मोठी माणसेही हरवलेल्या वस्तूंच्या वाटा रचतात, फक्त त्याला पुरातत्त्व म्हणतात. बार्शीहून जवळच, धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनानुसार तिथला माल, त्यात कापडही, गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. तेरच्या पांढरीत सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या आणि केओलिनच्या मूर्ती, प्राण्यांच्या आकृती सापडल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहातून तिथले संग्रहालय उभे राहिले. या मूर्ती-आकृतींतल्या पूजेच्या कोणत्या आणि खेळण्याच्या कोणत्या, हे दर वेळी सांगता येत नाही. तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीही मिळाली. तिच्या जातीची मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पॉम्पेईत निघाली होती, इसवी सन ७९ च्या व्हेसुव्हियसच्या राखेखालून. ती बाहुली नव्हे, आरशाची मूठ किंवा चौरंगाचा पाय असावा. तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी असलेले साम्य पाहून काही अभ्यासक तिला दख्खनमधून भडोचमार्गे जहाजावर चढवतात. तळाशी खरोष्ठी अक्षर असल्यामुळे इतर काही जण तिला वायव्येकडच्या वाटेने पाठवतात.